माझ्यात ढेकूण नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. बाज म्हटलं की ती आडवीच असणार असं तुम्हाला वाटेल, पण माझं निम्मं आयुष्य उभ्याने गेलं. दिवस उजाडला की मला उचलून भिंतीला टेकवतात. पाहुणा आला किंवा घरात कोणी आजारी पडलं, तरच मला भर दिवसा आडवी करतात. आमच्या वाडीची ही रीत आहे, आणि या रीतीवर माझा फार राग आहे. का, ते सांगते.

सुप्याच्या अलीकडे माळावर आमची वाडी आहे. बांधावरच्या बाभळीचे माझे पाय आणि दांडे झाले, आणि घायपाताच्या दोरीने मला विणलं. घरच्या मुलाचं, गोरक्षचं, लग्न ठरलं होतं, म्हणून घाई करून मला घरात आणलं. आठवड्याने नवी नवरी चांगुणा आली. पाव्हणे माझ्यावर बसून म्हणायचे, "लई घट्ट विणलीय बाज." मी नुसती फुगून जायची. चांगुणाचंही तेव्हा सगळे कौतुक करायचे, की सून कामाला वाघ आहे म्हणून. आम्हा दोघींना वाटलं, आपलं बरं चाललंय.

माझ्यावर झोपायचा गोरक्ष. चांगुणा खाली गोधडीवर पडायची, तीही सगळ्यांच्या शेवटी. ती माझ्यावर झोपली ती फक्त बाळंतपणात. आधी मुक्ता झाली, मग दोन मुलगे. माझ्याखाली शेगडीत निखारे असायचे, ओव्याच्या धुरीने माझ्या दोऱ्या काळ्या व्हायच्या, आणि तेवढे दिवस तिला कोणी हाक मारत नसे. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस. तिचेही असावेत. मग बाराव्या दिवशी ती उठायची आणि सरळ चुलीपुढे जाऊन बसायची.

वापरून वापरून मला झोळ पडे. गोरक्ष सकाळी कंबर धरून उठला की म्हणे, "बाज सैल झालीया, आज आवळून ठिव." मग चांगुणा माझ्या दांड्यावर पाय रोवून पायथ्याची दोरी ओढत बसे. माझी काळजी घरात सगळ्यांना होती, हे मला मान्य केलंच पाहिजे. दोरी ओढणाऱ्या बाईला धाप लागतेय, हे मात्र मला एकटीलाच कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

धाकट्याला लस टोचायला दवाखान्यातल्या नर्स मेरीबाई आल्या. त्यांनी चांगुणाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अंगात रक्त नाही तुझ्या," त्या म्हणाल्या. "या गोळ्या घे, पोटभर जेव, आणि रोज दुपारी तासभर आडवी हो. पुढच्या महिन्यात दवाखान्यात येऊन दाखव. हे अंगावर काढलंस तर जिवावर बेतेल."

"पडन की," चांगुणा हसून म्हणाली. "एवढी ज्वारीची काढणी हुऊ द्या."

मेरीबाईंनी तिच्या सासूला, बनुबाईंनाही बजावलं. बनुबाई काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मी कुटं न्हाई म्हन्ते? पडू दे की. बाज हाय की भिंतीला." खरंच होतं ते. मी भिंतीला होतेच. पण मला खाली टाकून "पड गं" असं कोणी म्हटलं नाही.

काढणी झाली, मग मळणी आली, मग लग्नसराई. आणि एका दुपारी चांगुणाने स्वतःच मला आडवी केली. बनुबाई शेजारी गेल्या होत्या, गोरक्ष रानात होता. मुक्ता ओट्यावर धाकट्याला खेळवत होती. चांगुणा दबकत माझ्यावर बसली, मग पडली. तिचं अंग माझ्यावर सैल होत गेलं. मला इतका आनंद झाला की दोरी करकरायला नको म्हणून मी जीव मुठीत धरून राहिले.

तेवढ्यात विस्तव मागायला शेजारची लंकाबाई दारात आली.

"का गं, बाज टाकली? कोन आजारी हाय?"

चांगुणा ताडकन उठली. चोरी पकडल्यागत तिचं तोंड झालं. "न्हाई वो, कुनी न्हाई," ती म्हणाली. "ढेकूण बघत हुते बाजंत."

मित्रांनो, माझ्यात एकही ढेकूण नव्हता. पण बनुबाई आल्या, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, आणि त्यांनी उकळतं पाणी ओतायला सांगितलं. मग चांगुणाने आडावरून पाणी आणलं, चूल पेटवली, आणि मुक्ताला हाताशी घेऊन माझ्या सांध्यासांध्यांत पाणी ओतलं. तासभर पडायला निघालेल्या बाईची सगळी दुपार त्यात गेली. पुन्हा तिने मला दिवसा कधी हात लावला नाही. गोळ्या संपल्या, दवाखाना राहूनच गेला.

पुढच्या वर्षी पाऊसच आला नाही. आड आटला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, चांगुणाही जाऊ लागली. तिथे खायला सुकडी मिळायची. ती आपल्या वाटणीची पदरात बांधून पोरांना आणायची आणि म्हणायची, "मी खाल्ली तिकडंच." ढेकणांसारखीच ही थाप होती, आणि तीही सगळ्यांना पटली.

एके दिवशी ती खडीच्या ढिगावरच कोसळली. माणसं धावत घरी आली आणि मला घेऊन गेली. मला वासा बांधला, तिला माझ्यावर घातलं, आणि खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. तिथून ट्रकने तिला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, त्यात ताप छातीत उतरलाय, सहा महिने आधी आणायला हवं होतं. काही दिवसांनी तिला घरी आणलं.

आता मी दिवसभर आडवी होते आणि ती माझ्यावर होती. मला हेच तर हवं होतं. पण असं नको होतं. गोरक्ष पायथ्याशी बसून म्हणाला, "आता निवांत पड. घरचं आमी बघतो."

"झोपच येत न्हाई वो," चांगुणा म्हणाली. "सवयच न्हाई ऱ्हायली."

आमच्याकडे माणसाला बाजेवर प्राण सोडू देत नाहीत. शेवट जवळ आला की खाली भुईवर घेतात. तिचा श्वास अडखळायला लागला तेव्हा कोणी तरी म्हणालं, "खाली घ्या." तिला माझ्यावरून उचललं. सगळ्या जन्मात तिला आत्ता कुठे मिळालेली बाज तिच्याकडून काढून घेतली, तीही रीत म्हणून.

मला पुन्हा भिंतीला लावलं. चूल आता मुक्ताकडे आली. ती अजून परकर नेसते, तिची शाळा कायमची सुटली. बनुबाई सुनेच्या आठवणीने रडतात आणि रडत रडत मुक्ताला पाण्याला पाठवतात.

आज दुपारी मुक्ताने मला हळूच आडवी केली आणि अंग टाकलं. मी मनात म्हटलं, पोरी, उठू नकोस. तेवढ्यात दारात लंकाबाईचा आवाज आला. "का गं मुक्ते, बरं न्हाई का?"

"न्हाई वो काकी," मुक्ता उठत म्हणाली. "ढेकूण बघत हुते." आणि तिने चुलीवर पाणी चढवलं.

मित्रांनो, मला हात असते तर मी तिला धरून ठेवलं असतं. तुम्हाला आहेत. तुमच्या घरातली बाज तुम्हीच दुपारची आडवी करा, आईच्या हातातलं काम काढून घ्या आणि तिला पडायला लावा. कोणी दारात येऊन विचारलं, कोण आजारी आहे, तर सांगा की कोणी नाही, आई पडलीय. आमच्या घरात हे कोणी म्हणेल, अशी आशा मला राहिलेली नाही. मी उन्हात वाळत पडले आहे. दोऱ्यांतून अजून वाफ निघतेय, आणि माझ्यात ढेकूण तेव्हाही नव्हते, आताही नाहीत.