अडणारी ओळ

पाणी तपासणीच्या त्या कार्यालयात सोमवार उजाडला, की छपाईचं दुखणं डोकं वर काढायचं. शहरातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी तपासून झालेलं असे, आकडे संगणकात भरलेले असत, आणि ‘अहवाल छापा’ या बटणावर बोट ठेवलं, की पडदा पांढरा होऊन सॉफ्टवेअर गपकन बंद पडे. तेही दर वेळी नाही! एखाद्या सोमवारी सुरळीत चाले, एखाद्या सोमवारी अडून बसे. त्यामुळे ज्याचं त्याचं निदान वेगळं. कुणी म्हणे प्रिंटर तापतो, कुणी म्हणे वीज कमीजास्त होते. शिपाई छातीठोकपणे सांगे, “त्याला सोमवार आवडत नाही. मला तरी कुठं आवडतो?”

हमखास उपाय मात्र एकट्या अण्णांकडे होता. अण्णा तिथले सर्वांत जुने कारकून. अहवाल अडला, की ते आधी अर्ध्या ओळी छापून बघत, मग उरलेल्या अर्ध्या, आणि असं करत करत नेमकी अडणारी ओळ शोधून काढत. तिच्यासमोर ‘छापू नका’ असा एक चौकोन होता. त्यात खूण केली, की बाकीचा अहवाल सरसर बाहेर येई. “काटा काढला!” म्हणत अण्णा चहाला जात. साहेब खूश, कार्यालय खूश. काट्याची चौकशी कुणी करत नसे.

संगणक सांभाळणाऱ्या ताईंनीही ती कधी केली नव्हती. त्या सोमवारी त्या खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच त्यांच्या नणंदेचा फोन आला.

“वहिनी, अगं, आमच्या गल्लीत घरोघरी पोटं बिघडलीत. धाकटीला तर रात्रीपासून पाणीसुद्धा पचत नाहीये. तुमचा तो पाण्याचा कागद काय म्हणतो?”

ताईंनी गेल्या आठवड्याचा अहवाल पुढं ओढला. वाईट निकाल लाल रंगात छापला जाई. या कागदावर लाल काही नव्हतं.

“पाणी चांगलं आहे, वन्सं. बाहेरचं काही खाल्लं असेल तिनं.”

“अगं, सगळ्या गल्लीनं एकदम बाहेरचं खाल्लं?”

फोन ठेवल्यावर तो प्रश्न ताईंच्या कानातून जाईना. त्यांनी अहवाल पुन्हा हातात घेतला आणि वन्संच्या गल्लीला पाणी देणारी टेकडीवरची टाकी शोधू लागल्या. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. ती टाकी चांगल्यात नव्हती, वाईटात नव्हती. कागदावरच नव्हती!

त्यांनी या आठवड्याचा अहवाल छापायला टाकला. पडदा पांढरा झाला. बंद!

“थांबा ताई, मी काटा काढतो,” अण्णा खुर्ची सरकवत म्हणाले.

“नको अण्णा. आज मला काटा बघायचाय.”

अण्णांच्याच रीतीनं त्या अडणाऱ्या ओळीपर्यंत पोचल्या. टेकडीवरची टाकी! त्यांनी ओळीची एक प्रत केली आणि तिच्यातला एकेक रकाना रिकामा करून छापून पाहिलं. तारीख काढली, तरी बंद. नमुना घेणाऱ्याचं नाव काढलं, तरी बंद. जंतूंची संख्या काढली आणि प्रिंटर घरघरला. त्या रकान्यात आकडा नव्हता. एक शब्द होता: ‘अगणित’.

आता सगळं लख्ख झालं. अहवालाच्या तळाशी सॉफ्टवेअर सगळ्या टाक्यांची सरासरी काढत असे. बेरीज करताना मध्येच शब्द आला, की त्याची मती गुंग होई. मोजण्यापलीकडचं काही समोर येईल, हे ते बनवणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

ताई तडक आतल्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या जंतुशास्त्राच्या मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी झाकण लावलेल्या काचेच्या दोन चपट्या बश्या उजेडात धरल्या. एकीत जंतूंचे मोजके ठिपके होते. दुसरीवर सगळीकडे दाट साय धरल्यासारखं दिसत होतं.

“ही टेकडीवरची. मोजता आलं असतं, तर आकडा दिला असता. नाही मोजता येत, म्हणून तसं लिहिते. बाहेर कोणी वाचतच नाही का?”

“मॅडम, तुमचा शब्द छापलाच जात नाही,” ताई म्हणाल्या. “त्या शब्दावर आमचं सॉफ्टवेअर अडतं आणि आम्ही ती ओळच काढून टाकतो.”

मॅडमनी बशी हळूच खाली ठेवली. “म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर या इमारतीत सगळ्यात शहाणं म्हणायचं. एवढं वाईट पाणी पाहून निदान ते तरी थांबतं. चला, मी येते साहेबांकडे.”

साहेब घाईत होते. अहवाल घेऊन त्यांना पाणीपुरवठ्याच्या बैठकीला जायचं होतं. कोणती टाकी बंद करून धुवायची, ते तिथं या कागदावरून ठरे.

“एका ओळीसाठी सगळं खोळंबलंय? काढा ती. पुढच्या वेळी बघू.”

“पुढच्या वेळी बघू असं आपण मागच्या वेळीच म्हणालो होतो, साहेब,” ताईंचा आवाज शांत होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

“मग तिथं शून्य टाका! सॉफ्टवेअरला आकडा हवाय ना?”

मॅडमनी साय धरलेली बशी साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली.

“हे टेकडीवरच्या टाकीचं पाणी. आपण याला शून्य म्हणायचं का?”

साहेबांनी बशीकडे पाहिलं. मग पेल्याकडे. त्यांचे कान लाल झाले.

“बाई, अहवाल कधी मिळेल?” त्यांनी ताईंना विचारलं.

“सरासरीतून तेवढा शब्द वगळते आणि तोच शब्द लाल रंगात सगळ्यात वर छापते. तुम्ही चप्पल घालेपर्यंत होईल.”

“शब्द राहू दे. मोठ्या अक्षरात छापा. आणि कागदाची वाट कशाला? टाकी बंद करायला आणि गल्लीत टँकर पाठवायला मी आत्ताच फोन करतो!”

ताई परत आल्या, तेव्हा अण्णा त्यांच्याच संगणकासमोर बसले होते. आजवर ‘छापू नका’ म्हणून खूण केलेल्या सगळ्या ओळी त्यांनी पडद्यावर आणल्या होत्या. टाक्या निरनिराळ्या, आठवडे निरनिराळे. पण संख्येच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द.

“ताई, मला वाटायचं, मी बिघाड काढतोय,” अण्णा चष्मा पुसत म्हणाले. “मी तर सगळ्यात घाण पाणी तेवढं निवडून लपवत होतो की हो! एकदा तरी विचारायचं ना, ही का अडते म्हणून.”

“मीही कुठं विचारलं, अण्णा?”

“आता विचारू.” त्यांनी एकेका ओळीवरची खूण काढायला घेतली. “सगळ्या छापतो. ज्या टाक्यांची पुन्हा तपासणी झालेली नाही, त्यांचे नमुने आजच मागवतो. चहा नंतर.”

अहवाल छापून निघाला, न अडता. ताईंनी फोन उचलला.

“वन्सं, पाणी खराब आहे. टाकीचं घेऊ नका, टँकर येतोय. भरलेलं सगळं ओतून द्या. धाकटीला आधी दवाखान्यात न्या आणि गल्लीत घरोघरी सांगा.”

“अगं, सकाळी तर चांगलं म्हणालीस!”

“सकाळी चुकले. ज्या ओळीत तुमची गल्ली होती, तीच आम्ही काढून टाकली होती.”

पलीकडून वन्संचा आवाज आला, पण तो फोनसाठी नव्हता. त्या दारातूनच शेजारणींना हाका मारत होत्या.

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत, सभेत कुणीतरी अडून बसतं. एखादं यंत्र, एखादी तक्रार, एखादं माणूस. त्याला बाजूला सारलं, की काम झटपट उरकतं आणि आपल्याला हुशारी केल्यासारखं वाटतं. पण जिथं काम अडतं, तिथंच पुष्कळदा आपल्याला नको असलेलं खरं उभं असतं. म्हणून ‘छापू नका’ अशी खूण करण्याआधी एवढं तरी विचारू या: ही ओळ का अडते? तिच्या टोकाशी कोणाची गल्ली आहे?