थांबा लिहायचं राहिलं

खालापूरच्या कागद कारखान्यात मोठा कॉम्प्युटर आला तेव्हापासून बारा वर्षं मी त्याच्याशी असेंब्ली या यंत्राच्या भाषेत बोललो. हा आकडा उचल, तिथं ठेव, त्यात तो मिळव. एकेक हालचाल सांगायची. मधे दलाल नाही.

चौऱ्याऐंशी साली माझ्या शेजारच्या टेबलावरची शकू ट्रेनिंगहून सी नावाची भाषा शिकून आली. म्हणे, थोडक्यात लिहायचं, बारीक हालचालींत त्याचं भाषांतर कंपायलर नावाचा प्रोग्रॅम करतो. मला हे आळशाचं काम वाटलं. साहेबांना दोन्हीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणाले, कळंबला माझी भातखाचरं आहेत, तिथं दोघं लावणी करून दाखवा. हरेल तो गोदामात जाईल.

मी माझ्या वाट्याच्या बायांना तीन पानं दिली. वाका. चार काड्या घ्या. चिखलात खोचा. एक पाऊल मागे. पुन्हा पहिल्या ओळीवर. लिहिलंय तेवढंच करायचं, अशी ताकीद दिली. त्यांच्यात सगळ्यांत पुढं माझी आईच होती.

शकूनं मुकादम बुधाजीला एवढंच सांगितलं, की खाचर लावून घ्या. बुधाजीनं कुठलं खाचर, रोपं किती, असल्या शंका काढण्यात तास घालवला. तोवर माझं खाचर लावून झालं होतं. मी मिशीत हसलो.

पण बाया थांबल्या नाहीत. मागे सरकत बांध ओलांडून शेजारच्या येसाजीच्या खाचरात गेल्या, तिथून नेरळच्या रस्त्याला लागल्या. रोपं संपली तरी रिकाम्या हातांनी डांबरात खोचत होत्या. थांबा ही ओळ माझ्याकडून राहिली होती.

मी पेन्सिल घेऊन धावलो. साहेबांनी अडवलं. एकदा दिलेल्या कागदात दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळीच, हा कॉम्प्युटर खोलीचा नियम. तो मीच केला होता. शकूच्या बाया चारला काम संपवून घरी गेल्या.

सकाळी आई नेरळच्या अलीकडे सापडली, वाकलेलीच. मला रडू आलं.

"आता थांब की गं," मी म्हणालो.

"थांबा असं कुठं लिवलंय रं? तूच म्हनलास, लिवलंय तेवढंच करायचं."

पाठ सरळ कर, उजवा पाय उचल, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आई, घरी चल."

ती उठली. घरी येऊन तिनं पाय धुतले, चूल पेटवली, चहा टाकला, मला बशीत ओतून दिला. यातलं एकही मी सांगितलं नव्हतं.

चहा पिऊन मी गोदामाच्या किल्ल्या मागायला गेलो.