शेवटच्या गाडीची काठी

आईचा गुडघा दुखत होता हे खरं, पण ती घाटात फिरायला आली नाही त्याचं कारण ते नव्हतं. तिला आम्हा दोघांना एका गाडीत कोंडायचं होतं. डोंगरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला जाते, असं मी सांगितल्यापासून बाबा माझ्याशी फक्त आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलत होते, आणि तेही काचांचे नंबर सांगण्यापुरतं. मी सोमवारी निघणार होते. त्यांच्या होकाराशिवाय मला निघवत नव्हतं, आणि तो होकार मागायला जीभ रेटत नव्हती.

"घाटातले रंग बघून या," आई दारात उभी राहून म्हणाली, "आणि ते भांडणही तिथंच कुठंतरी टाकून या. घरात आणू नका."

पानगळ नुकती सुरू झाली होती. एकाच झाडाची अर्धी पानं पिवळी आणि अर्धी अजून हिरवी होती, जणू त्याचा निर्णय व्हायचा होता. रस्ता एवढा सुंदर होता की मला त्याचा राग यायला लागला. कोणाच्या तरी नजरेसमोर जग धूसर होत चाललंय आणि आपण इथे पानांचे रंग बघतोय, असं सारखं वाटत होतं. बाबा शेजारी थर्मास मांडीवर घेऊन बसले होते.

"तो पुढचा फलक वाच," परतीच्या वाटेवर ते अचानक म्हणाले. प्रवासात सोबतच्या माणसाचे डोळे तपासायची त्यांची जुनी खोड.

"दरड कोसळली आहे. एकेरी वाहतूक."

"चला, डोळे शाबूत आहेत. बिघाड डोक्यातच आहे."

मला हसू फुटत होतं. मी ते गिळलं.

दरडीच्या अलीकडे नारंगी जाकीट घातलेला एक माणूस गाड्यांची रांग सोडत होता. आमची गाडी शेवटची होती. त्याने खिडकीतून एक काठी आत दिली; तिच्या वरच्या टोकाला लाल कापड दुहेरी गाठ मारून बांधलं होतं आणि खालचं टोक चिरलेलं होतं.

"इथे फोन लागत नाही ताई. ही पलीकडच्या माणसाला द्या, म्हणजे त्याला कळेल की वाट मोकळी झाली. काठी हातात पडेपर्यंत तो तिकडची गाडी सोडत नाही. तेवढं मध्ये थांबू नका."

बाबांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली. "वा! समाजसेविकेला काठीपण मिळाली. आता निघा आंधळ्यांचा उद्धार करायला."

मग मात्र राहवलं नाही. पुढची गाडी वळणाआड जाताच मी ब्रेक दाबला आणि खाली उतरले. तेही उतरले. कठड्यापाशी उभं राहून मी म्हणाले की तुम्ही जन्मभर फ्रेमी विकल्यात, त्यातून समोरच्याला काय दिसतं याच्याशी तुम्हाला कधी देणंघेणं नव्हतं. बाबांचा चेहरा क्षणभर उघडा पडला, चष्मा काढल्यावर माणसाचा पडतो तसा.

"मग परत येऊच नकोस," ते दरीकडे बघत हळूच म्हणाले, आणि काठी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसले.

मी गाडीचं दार लावलं. त्याच वेळी वळणापलीकडे आणखी एका गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. दरीत आवाज घुमतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

थोडं पुढे गेलो तर समोरून दुधाचा ट्रक आला.

तो यायलाच नको होता. काठी अजून आमच्याकडे होती. ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "अहो, शेवटची गाडी केव्हाच बाहेर पडली! तुम्ही कुठून उगवलात?" मी गाडी मागे घेत घेत रुंद जागेत लावली. ट्रकमागून गाड्या येतच राहिल्या. ती रांग संपता संपेना.

पलीकडच्या टोकाला माणूस स्टुलावर बसला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि गोंधळून मागच्या रस्त्याकडे बघू लागला.

"परत कशा आलात ताई? आणि त्या बाजूने?"

"परत नाही. आत्ताच येतोय. ही तुमची काठी."

"काठी मघाशीच मिळाली की. यांनीच दिली." त्याने बाबांकडे बोट दाखवलं. "गाडी हेच चालवत होते, तुम्ही शेजारी होतात. काय तो विनोद झाला होता देव जाणे, दोघांचं हसू थांबत नव्हतं. मलाही थर्मासमधला चहा पाजलात."

त्याच्या स्टुलाला काठी टेकवलेली होती. लाल कापड, दुहेरी गाठ, खालचं टोक चिरलेलं. बाबांनी आपली काठी खिडकीबाहेर धरली, पण त्याने हात पुढे केला नाही. "माझी आलीय," तो म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरला.

मी शेजारच्या सीटवर राहिलेला थर्मास उचलून पाहिला. तो घरून निघताना होता तेवढाच जड होता.

पायथ्याशी फोन लागायला लागला. घर अजून बरंच लांब होतं. मी गाडी कडेला घेतली, स्पीकर लावून आईला फोन केला आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात म्हणाले, "आई, आम्हाला यायला उशीर होईल."

"कसला उशीर? वरच्या खोलीतून फोन काय करतेस, आळशी! खाली ये, चहा गार होतोय." मग तिने आवाज बारीक केला. "त्यांनी सांगितलं मला. स्वतःहून हो म्हणाले म्हणे. आता तुझी बॅग भरायला बसलेत, आणि मी केलेल्या सगळ्या घड्या मोडल्यात."

तिच्या मागे कोणीतरी हसलं. ठसका लागेपर्यंत, बाबा हसायचे तसं.

मी आरशात पाहिलं. बाबा मागच्या सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हातांत काठी घट्ट धरून, ओठ मिटून, ऐकत.

"बरं झालं गं," आई म्हणाली, "भांडण तिथंच टाकून आलात."