खळ दिलेला पदर

दर्शनानं गुंडाळी सोडली आणि कापडाचा कोपरा चिमटीत धरून उचलला. तो लोकरीपासून अलगद सुटला, ओल्या भिंतीवरून पोस्टर सुटावं तसा. चारशे फेऱ्या झाल्या होत्या आणि कापड अजून वेगळंच होतं.

लालबागच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती सकाळी सातपासून गुडघ्यांवर होती. खाली बांबूची चटई, चटईवर काळी लोकर, लोकरीवर पातळाचा तुकडा. वर साबणाचं गरम पाणी. ते सगळं पाइपाभोवती गुंडाळायचं, दोरीनं बांधायचं आणि पोळी लाटतात तसं मागे-पुढे लाटायचं. लोकरीच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. गरम साबणानं ते उघडतात, घासलं की एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. सूत नाही, माग नाही, तरी कापड तयार होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेतली नोकरी सोडणाऱ्या मुलीला याचं वेड का लागलं, हे चाळीला अजून उमगलं नव्हतं.

"गो चेडवा, सकाळपासून कोणाक बडवतंस?" शेजारच्या कमलाबाईंनी दारातून विचारलं.

दर्शनाला हसू आलं नाही. तो तुकडा तिच्या आजीचा, लक्ष्मीचा होता. पांढरं पातळ, हिरवा काठ. बाकीचं केव्हाच गोधडीत गेलं होतं. उरला होता एवढा सहा फुटी पदर. लोकरीचे केस त्याच्या विणीतून आरपार जायला हवे होते, म्हणजे दोन्ही मिळून एक झालं असतं. गिरगावातल्या प्रदर्शनासाठी उद्या दुपारी टेम्पो येणार होता. पण खरी भीती टेम्पोची नव्हती. प्रत्येक फेरीला लोकर आपल्या आपल्यातच घट्ट होत होती. आणखी दोन-अडीचशे फेऱ्या, मग एकही केस मोकळा उरला नसता आणि पदर कायमचा बाहेर राहिला असता, चुरगळलेला, काळवंडलेला. दुसरा पदर कुठून आणणार?

तिनं पाणी आणखी गरम केलं. साबण बदलला. उठली, बसली, चटईचं टोक फिरवलं, पुन्हा उठली. महिन्यापूर्वी याच पदराची वीतभर पट्टी कापून तिनं चाचणी घेतली होती. तेव्हा दोनशे फेऱ्यांत केस आरपार आले होते. लोकर तीच, साबण तोच, पाणी त्याच पिंपातलं. मग बदललं काय? कापड. पण कापडही तेच होतं.

तिनं पदर दोन बोटांत चोळला. साबणाखाली काहीतरी बुळबुळीत लागलं. ती घरात गेली, जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध घेऊन आली आणि कोपरा धुऊन त्यावर एक थेंब टाकला. तपकिरी थेंब बघता बघता काळानिळा झाला.

स्टार्च.

आनंदा आजोबा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात हयात गेलेली. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं, लपवण्यासारखं काही नसल्यासारखं. बुधवारी ती बाहेर गेली असताना त्यांनी पदर ट्रंकेतून काढला, भाताच्या पेजेची खळ दिली, काठाला दोनदा दिली आणि इस्त्री केली.

"पण का? मला विचारायचं तरी."

"चार लोकांत जायचंय ना ते? लक्ष्मी बिनखळीचं नेसून कधी जिना उतरली नाही."

दर्शनाच्या रागाला जागा मिळेना, म्हणून तो हातांत उतरला. ती बोटं एकमेकांत घासत राहिली. खळ उकळत्या पाण्यानं निघाली असती, पण त्यानं लोकर आवळली असती. मग एक गोष्ट सुचली. तिनं बोट जिभेला लावलं, कोपऱ्याचा दुसरा भाग ओला केला, पाच मिनिटं घड्याळ बघत उभी राहिली आणि त्यावर आयोडीन टाकलं. थेंब तपकिरीच राहिला.

आजोबा खुर्चीतून वाकून पाहत होते. "थुंकी लावलीस?"

"थुंकी खळ खाते, आजोबा."

ते खुर्चीत मागे टेकले. मग सांगू लागले. चौसष्ट साली ते गिरणीत लागले तेव्हा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, पगार जास्त होता, पण आपल्या जातीच्या लोकांना तिथं घेत नसत. मागाच्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागे, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. "आमची थुंकी कोणाला चालत नव्हती." हे दर्शनानं वाचलं होतं. त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती.

"त्या पदराचं सूत आमच्या खात्यातलं," ते म्हणाले. "कापड त्यांनी केलं."

तिला बसून ऐकायचं होतं, पण उद्याचा टेम्पो थांबणार नव्हता. ती जिने उतरून औषधाच्या दुकानात गेली आणि पचनाच्या गोळ्या घेऊन आली. थुंकीतलं जे खळ फोडतं, त्याच्याच जातीचं त्या गोळ्यांत असतं. तिनं साबण पूर्ण धुऊन काढला, गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, कोमट पाण्यात कालवल्या आणि ते पाणी पदरावर ओतलं.

"अपचन कापडाक झालां की तुका?" कमलाबाई म्हणाल्या.

पाऊण तास थांबायचं होतं. दर्शना गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. पदराच्या पांढऱ्या भागावर तीनदा आयोडीन लावून पाहिलं. तिसऱ्यांदा निळं झालं नाही. मग तिनं साबणाचं पाणी घातलं आणि लाटायला सुरुवात केली. शंभरला काही नाही. एकशे वीसला तिनं हात फिरवला, तर पदराच्या पांढऱ्यातून काळ्या लोकरीचे केस वर आले होते, दाढीच्या खुंटांसारखे. तिनं कोपरा उचलला. लोकरही सोबत उचलली गेली.

फक्त हिरव्या काठाची चार बोटं रुंद पट्टी सुटी राहिली. दोनदा खळ दिलेली.

आजोबा खुर्ची पुढे ओढून आले. त्यांनी ती ओली पट्टी तळव्यावर घेतली आणि अंगठ्यानं चाचपली. बाकीचा पदर आता पातळासारखा लागत नव्हता; तो जाड आणि सुरकुतलेला झाला होता.

दर्शनानं दोरी उचलली. "काठाला पुन्हा गोळ्यांचं पाणी देऊन अजून शंभर मारल्या तर एवढंही बसेल."

"बसेल की," आजोबा म्हणाले, आणि काठ सोडला नाही.

ती दोरी बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत राहिली. अर्धवट राहिलेलं तिला कधी बघवत नसे. शेवटी तिनं दोरी बादलीत टाकली आणि दुसरं टोक धरलं. आजोबा काठाकडून, ती लोकरीकडून, असं दोघांनी मिळून ते गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलं.