बाहेरून कुलूप

सकाळी साडेआठला त्या दोन खोल्यांना बाहेरून कुलूप लागायचं, ते संध्याकाळी सहाला निघायचं. आत बसवाले काका असायचे. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना तसंच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. मग दोनदा फिट आली. पहिलीनं परवाना गेला, दुसरी आली ती जिन्यात, आणि कपाळाला सात टाके पडले. त्यानंतर मुलीनं कुलूप आणलं.

"मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसते. तुम्ही परत पडलात तर मला कळणार तरी कसं, बाबा?" ती म्हणाली होती, आणि काकांनी मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? दिवस काढायचा म्हणजे जड जातं. ते खिडकीशी उभे राहत. खाली कोपऱ्यावर बस वळली की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबी.

एकदा मुलगी पाण्यानं भरलेल्या पिशवीत एक मासा घेऊन आली. गडद निळा, शेपूट म्हणजे नुसता रेशमी पदर.

"हे आणि काय?"

"या माशाच्या जातीचं नाव बेटा, असं दुकानदार म्हणाला. नर आहे."

"मुलगा नव्हता म्हणून आणलास का?"

दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"एकटाच ठेवायचा असतो," ती म्हणाली. "दुसरा नर दिसला की जीव घेईपर्यंत भांडतो."

"मग याला सोबत कोणाची?"

"तुमची!"

काकांनी ड्यूटी लागल्यासारखं ते काम अंगावर घेतलं. दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर काचेची टाकी ठेवली. पाणी कोमट ठेवायचं, दर आठवड्याला थोडं बदलायचं, झाकण लावायचं, कारण हा मासा उडी मारतो. महिन्याभरात तो त्यांच्या बोटामागे फिरू लागला. एकदा गंमत म्हणून त्यांनी आरसा धरला. मासा कल्ले फुगवून, पिसारा पसरून काचेवर धावून गेला. काकांनी आरसा खाली ठेवला. "अरे, भांडायला समोर कोणी नाही," ते म्हणाले. "तूच आहेस."

एका मंगळवारी दुपारी पाणी बदलताना झाकण काढून ते बादली आणायला आत गेले. मागे टप्प असा आवाज झाला. येऊन बघतात तर टाकी रिकामी, आणि मासा फरशीवर. काका गुडघे दुमडून वाकेपर्यंत त्यानं दोन उसळ्या घेतल्या आणि दाराखालच्या फटीतून थेट बाहेर गेला.

काकांनी सवयीनं कडी ओढली. दार खडखडलं, उघडलं नाही.

ते पालथे झोपले, गाल फरशीला टेकवला. वीतभर अंतरावर तो निळा जीव तडफडत होता. फटीतून बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच जात होती. मुलीला फोन लावला, तो वाजतच राहिला. मग काकांनी दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "अहो, कोणी आहे का?" कुलूप लागल्यापासूनच्या आठ महिन्यांत ते एकदाही असे ओरडले नव्हते. लाज वाटायची.

वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई धावत आल्या. "काका, काय झालं? दार उघडा ना!"

"नाही उघडता येत. कुलूप बाहेरून आहे."

बाईंनी कुलूप ओढून पाहिलं.

"पायाशी बघा, बाई. मासा आहे. तुडवू नका!"

"अगंबाई!"

काकांनी फटीतून मगभर पाणी सोडलं आणि आपल्या डॉक्टरी कागदांच्या फाइलचं प्लास्टिकचं कव्हर ओलं करून बाहेर सरकवलं. "हात भिजवा आणि अलगद यावर घ्या. चावत नाही तो."

"मी कधी मेलेली पालसुद्धा उचलली नाही हो, काका!" असं म्हणत म्हणत बाईंनी डोळे बारीक करून ते केलं. काकांनी कव्हर आत ओढलं. टाकीत मासा तळाशी आडवा पडला. शेपूट फाटली होती. बऱ्याच वेळानं तो वर आला आणि त्यानं हवेचा एक घोट घेतला.

"वाचला का?" दारापलीकडून आवाज आला.

"वाचला."

"काका, आणि आग लागली असती तर?"

काकांनी टाकीवर झाकण घट्ट बसवलं.

संध्याकाळी बाईंनी मुलीला जिन्यातच गाठलं. ती आत आली ती पायातलं न काढताच खाली बसली.

"मी तुम्हाला कोंडत नव्हते, बाबा."

"मग काय करत होतीस, पोरी?"

तिला रडू फुटलं. "तुमचं डोकं पायरीवर आपटलं ना, तो आवाज कामावर असताना माझ्या कानात असतो. रोज."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कुलूप लावणं बंद झालं. दुपारी दोनला बाई डोकावून जातील असं ठरलं. दहा वाजता काकांनी दार उघडलं. इतके महिने त्यांना वाटत होतं, दार उघडलं की सुसाट खाली जाऊ. पण जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि हात कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला. ते मागे फिरले, दार लोटलं आणि खुर्चीत बसले. कुलूप होतं तोवर निदान त्याला शिव्या तरी घालता येत होत्या.

दोनला बाई आल्या. "येता का खाली? एकच मजला. मी आहे."

"उद्या," काका म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. काका पाच पायऱ्या उतरले. तिथे थांबून त्यांनी खाली बघितलं, आणि म्हणाले, "बास आज." मग दोघं परत वर आली.