भिंतीवरचा भरलेला अर्ज

हसू नका मित्रांनो, पण मी एक नमुना आहे. खराखुरा नमुना! सरकारी कचेरीत अर्ज कसा भरावा हे लोकांना कळावे म्हणून आधीच भरून, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला अर्ज. आता माझा कागद पिवळा पडला आहे, घड्यांवर विरला आहे. त्याचे मला काही वाटत नाही. माझी मान खाली जाते ती वेगळ्याच कारणाने.

कचेरीतले सगळे छापील अर्ज जिथे आखले जात, त्या खोलीत माझा जन्म झाला. ते काम पाहणाऱ्या कारकुनांना सगळे चौकटराव म्हणत, कारण कोरा कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पट्टीकडे जाई. किराण्याची यादीसुद्धा ते रकाने आखून करतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

त्या काळी निवासी शाळांच्या प्रवेशासाठी वेगवेगळे अर्ज होते. साध्या शाळेचा एक, न दिसणाऱ्या मुलांच्या शाळेचा दुसरा, ऐकू न येणाऱ्यांच्या शाळेचा आणखी वेगळा. लोक भलताच अर्ज भरून आणत आणि हेलपाटे घालत. चौकटरावांनी त्या सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करायचे ठरवले. त्यासाठी ते पुष्कळ खपले. शब्द छाटले, ओळी सरकवल्या, छापखान्यातून आलेले प्रूफ उजेडात धरून रेघ न् रेघ तपासली. अधीक्षकांनी त्यांची पाठ थोपटली. "एका पानात बसवलंत! कमाल आहे बुवा तुमची."

छापून आलेल्या गठ्ठ्यातली सगळ्यात वरची प्रत म्हणजे मी. चौकटरावांनी मला मोत्यांसारख्या अक्षरात भरले. नावाच्या जागी 'अ. ब. क.' असे लिहिले. खाली प्रश्न होते: मुलाला दिसते काय? ऐकू येते काय? चालता येते काय? प्रत्येकापुढे 'होय / नाही' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'लागू नसेल ते खोडावे'. चौकटरावांनी सगळीकडे 'नाही' खोडले. त्यांच्या मनातल्या मुलाला कशाचीच अडचण नव्हती.

खिडकीशेजारी मला मानाची जागा मिळाली. खिडकीवरच्या बाई मान वर न करता म्हणत, "आधी तो नमुना बघा." मग लोक माझ्यासमोर उभे राहात. एक बोट माझ्या काचेवर, दुसऱ्या हातात पेन. मी फुशारून जाई.

काही दिवसांनी 'अ. ब. क.' याच नावाचे अर्ज येऊ लागले. काही लोक माझ्यावरचे नावही तसेच्या तसे उतरवून काढत होते. कचेरीत हशा पिकला. "आज किती अबक आले?" असे चहाच्या वेळी एकमेकांना विचारले जाई. चौकटराव तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. काचेमागे मीही हसलो, मित्रांनो. खोटे कशाला बोलू?

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. नाव तिने बरोबर मुलीचेच लिहिले. पुढचे मात्र माझ्याकडे पाहून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर उतरवले. तेवढ्यात शिपायाच्या हातून लोखंडी पेटी फरशीवर आदळली. सगळे दचकले. मुलगी मात्र तशीच पंख्याकडे पाहात उभी होती. आईने माझ्यावरचा खोडलेला 'नाही' पाहिला आणि आपल्या अर्जावरचा 'नाही' जपून खोडला.

ती पुन्हा आली तेव्हा प्रवेश संपले होते. हातात कचेरीचे उत्तर होते: मुलीस ऐकू येते, सबब ऐकू न येणाऱ्यांच्या शाळेसाठी अपात्र.

"तुम्हीच लिहून दिलंय ना, ऐकू येतं म्हणून?" खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"मी यात बघून लिहिलं हो."

"चौकटराव, या! आणखी एक अबक आलाय!"

चौकटराव हसतच बाहेर आले.

"साहेब, तुम्ही 'नाही' खोडलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, हा शब्द कचेरीला चालत नसेल. म्हणून मीपण खोडला."

चौकटरावांनी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. त्यांचा चेहरा पडला. "ताई, चूक तुमची नाही. माझी आहे."

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "घरी सगळे म्हणतात, आईच्या अडाणीपणानं पोरीचं वर्ष गेलं."

"चला. मी येतो आणि सांगतो."

त्यांनी मला भिंतीवरून काढले आणि काखेत मारून थेट तिचे घर गाठले. शिलाई मशीनवर मला उभे करून त्यांनी तिच्या सासूला सगळे समजावले. म्हातारीने मला निरखून पाहिले.

"इतक्या सुंदर अक्षरातलं चुकीचं कसं असेल?" ती म्हणाली. "तुम्ही भले आहात साहेब. म्हणून आमच्या सुनेचं खापर स्वतःवर घेताय."

चौकटराव पुन्हा पुन्हा सांगत राहिले. सून मशीनवरचे चिंध्यांचे तुकडे वेचत राहिली. तिने मान वर केली नाही. ज्या अक्षराचा मला इतका तोरा होता, ते अक्षर त्या दिवशी मला अंगावर नकोसे झाले.

शाळेतली जागा गेली ती गेलीच. मुलीला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. चौकटरावांनी अर्ज नव्याने केला, पण या वेळी बाहेर बाकावर लोकांच्या शेजारी बसून, ते कुठे अडतात ते पाहून. आता त्यात विचारले आहे: मुलाला कशात मदत लागते? आणि पुढे मोकळ्या ओळी सोडल्या आहेत. मी त्यांच्या टेबलाच्या खणात असतो. नवीन कारकून रुजू झाला की ते मला बाहेर काढतात आणि ही हकिकत सांगतात. सांगताना त्यांचे कान लाल होतात.

मित्रांनो, तुमच्याकडे पाहूनही कुणीतरी काहीतरी गिरवत असेल. जरा सांभाळून लिहा. आणि कुणी चुकलेले दिसले, तर हसण्याआधी एवढे विचारा, की त्याने कुणाचे पाहून लिहिले.