इंद्रभानच्या रक्ताची बाटली

मी बाटली बोलतेय. लहानशी, काचेच्या बुचाची. माझ्या पोटात इंद्रभानचं रक्त आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

भट्टीतून निघाले ती मी नागपूरच्या प्रयोगशाळेत आले. रक्तात शिसं किती आहे, हे इथे मोजतात. मोजायचं ते इतकं थोडं, की धुळीचा कणही घोटाळा करतो. म्हणून आम्हा बाटल्यांना तेजाबाने अंघोळ घालतात. एवढं सोवळं तर एखादी कर्मठ सासूही पाळत नसेल.

एकोणीसशे चौसष्टच्या या वैशाखात मला बुलढाण्याला पाठवलं. इंद्रभान तिथल्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवतो. हात गुंतले की दोन-चार खिळे ओठांत धरायची त्याला सवय. सहा महिने झाले, त्याच्या पोटात कळा येतात. डॉक्टरांनी पोट चाचपलं तर हाताला गाठीसारखं काही लागलं. त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, "रक्तात शिसं निघालं तर औषध देऊन वाट पाहू. नाही निघालं, तर ही गाठच. मग एक दिवसही थांबायचं नाही, ऑपरेशन करायचं."

मग त्यांनी रक्त काढून मला भरलं आणि थोरल्या भावाच्या, हिंमतरावांच्या हाती दिलं.

निघताना त्यांची आई सोजराबाई पुढे आली. घरातलं कोणी जोखमीच्या वाटेला निघालं की ती मारोतीचा शेंदूर लावते. या वेळी तिच्या लेकाचं रक्तच निघालं होतं. तिने तेलात कालवलेला शेंदूर माझ्या बुचाला फासला. म्हणाली, "आता माह्या पोराचं रगत सुखरूप पोचीन."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेंदूर शिशापासूनच करतात, हे त्या माउलीला कोण सांगणार?

मलकापूरपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे. उन्हाने तेल पातळ झालं आणि बुचाच्या फटीतून खाली झिरपू लागलं. मी नुसती बघत राहिले. काचेला कुठलं अंग चोरता येतं? एक थेंब आत पडला. लाल रक्तात लाल शेंदूर, कोणाला दिसणार? बाटली हातातून निसटायला नको, म्हणून हिंमतरावांनी बाहेरचा शेंदूर धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसून घेतला.

प्रयोगशाळेत त्यांनी अगदी खरेपणाने सांगितलं, "वाटेत कोनाले हात लावू देल्ला नाही, साहेब." साहेबांनी समाधानाने मान हलवली.

आता मी साहेबांच्या टेबलावर आहे. शिसं निघणार, भरपूर निघणार. त्यातलं इंद्रभानचं किती आणि मारोतीचं किती, ते मलाही कळणार नाही. बुलढाण्यात सोजराबाई नारळ फोडेल. औषध सुरू होईल. आणि गाठ असलीच, तर ती आत वाढत राहील. देवाची भक्ती करणाऱ्या त्या बाईच्या हातून हे व्हावं, याने माझा जीव कासावीस होतो.

साहेबांचा हात बुचाकडे येतो आहे. साहेब, मोजू नका. तुमचं कोपर लागू द्या, मला खाली पडू द्या. हिंमतराव हळहळतील, चार दिवस वाया जातील. पण मी फुटले, तर इंद्रभानचं दुसरं रक्त येईल.